पेटी कुठे ठेवणार?

केदारने नवी गाडी घ्यायची म्हटलं तेव्हा मला आधी बरंच वाटलं. त्याची जुनी स्कूटर चालू झाली की आमच्या सोसायटीतली माणसं खिडक्या लावून घ्यायची. पण पुढच्याच वाक्यात तो म्हणाला, "ती ऑटोमॅटिक मोटारसायकल आलीये ना, क्लच नसलेली, ती बघतोय," आणि माझी पोळी तव्यावर करपली.

"मोटारसायकल? मग पेटी कुठे ठेवणार?"

"मागे बांधीन."

तिथेच मला पहिला संशय आला. तो का आला हे कळायला केदार कोण ते सांगायला हवं.

केदार माझा मुलगा, एकतीस वर्षांचा. पेटी वाजवतो. बी.कॉम. झाल्यावर एका ऑफिसात नोकरीला लागला होता. एक दिवस दुपारीच घरी आला आणि म्हणाला, तिथला एसी निषादाच्या जरा खाली गुणगुणतो, दिवसभर सहन होत नाही. आम्हाला वाटलं थट्टा करतोय. तो परत गेलाच नाही. आता सकाळी शनिवार पेठेतल्या गायनवर्गात मुलांना साथ करतो, दुपारी कर्वेनगरात आमच्या घरी शिकवतो, संध्याकाळी आठवड्यातून काही दिवस कात्रजला जातो. शिवाय भजनी मंडळं, देवळातली कीर्तनं. त्याचा अर्धा दिवस पेटीवर जातो आणि उरलेला अर्धा दुचाकीवर.

पेटी त्याची स्वतःचीच लागते. दुसऱ्याच्या पेटीवर बोट बसत नाही म्हणतो. ती गोधडीच्या खोळीत घालून स्कूटरच्या पुढच्या मोकळ्या जागेत, दोन पायांच्या मध्ये ठेवायची आणि गुडघे फाकवून चालवायची, म्हणजे वाद्याला पाय लागत नाही. लागलाच तर पुढच्या सिग्नलला खाली वाकून नमस्कार करतो. शेजारचा रिक्षावाला बघत राहतो, की हा माणूस स्वतःच्या बुटांना का हात जोडतोय. मी एकदा भाजी घेऊन त्याच्या मागे बसता बसता कांद्यांची पिशवी पुढे त्या खोळीवर ठेवली, तर मला म्हणाला, "आई, कांदे मांडीवर घे. त्यांना आवाज नाहीये, हिला आहे."

असा माणूस पेटी मागे दोरीने बांधून कात्रजपर्यंत नेणार?

मी विचारत राहिले. मला म्हणाला, स्कूटरची चाकं लहान, खड्ड्यांत आपटतात, मोटारसायकलची मोठी. वडिलांना म्हणाला, पाठ दुखते, मोटारसायकलवर बसायला बरं पडतं. खालच्या जोशी काकांना सांगितलं, की मोठ्या स्कूटर फार जड झाल्यात, पार्किंगमधून ओढून काढता येत नाहीत. प्रत्येक कारण आपापल्या जागी बरोबर होतं. पण माणसाकडे खरं कारण असलं की तो तेच सगळ्यांना सांगतो.

त्याच्या वडिलांचं, दिगंबररावांचं वागणंही मला सरळ वाटेना. वीज मंडळातून निवृत्त होईपर्यंत त्यांनी गिअरची मोटारसायकल चालवली. गाड्यांचा विषय निघाला की ते तासभर थांबत नाहीत. या वेळी मात्र वर्तमानपत्रातून डोकं न काढता एवढंच म्हणाले, "गिअर न टाकता मोटारसायकल म्हणजे बिनदुधाचा चहा. पण त्याला प्यायचाय तर पिऊ दे."

"अहो, पण पेटी?"

"पेटीचं तो बघेल."

"मोठी स्कूटर घे म्हणावं. तीही ऑटोमॅटिकच असते. डिक्की मोठी, पेटीला जागा."

"तू सांग. तुझं ऐकतो तो," म्हणाले. आमच्या घरात हे वाक्य आजवर कोणी बोललेलं नाही.

मग मला वाटलं, मुलगी असेल. मोटारसायकलवर मागे कोणाला तरी बसवायचं असेल. तसं असतं तर मला आवडलंच असतं, पण लपवायचं कशाला? मी जेवताना सहज विचारल्यासारखं केलं.

"कोणी आहे का रे?"

"कुठे?"

"म्हणजे, मागच्या सीटवर बसणारी वगैरे."

"मुलगी असती तर स्कूटर घेतली असती. साडी नेसून मोटारसायकलवर बसायला लावलं तर लग्नाआधीच सोडून जाईल." आणि उजव्या हाताने वाटी उचलून आमटी प्यायला.

उजव्या, खरकट्या हाताने, हे मला आता लक्षात येतं. तेव्हा मी फक्त त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते.

दुसरा संशय त्याच्या रियाजातून आला. सकाळी तो आतल्या खोलीत वाजवतो आणि मी स्वयंपाकघरात असते. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण इतकी वर्षं रोज ऐकल्यावर घरातल्या माणसाचा श्वास ओळखू येतो तसं ते मला ओळखू येतं. गणपतीनंतर ते तुटायला लागलं. सूर चालू असायचा आणि मधेच आवाज खाली बसायचा, कोणीतरी बोलता बोलता दम लागून थांबावं तसा. मग शांतता. मग परत तेच. आधी पाऊण तास चालणारा रियाज चहा उकळेपर्यंत संपायला लागला.

"काय झालं रे?"

"भाता गळतोय. दुरुस्तीला टाकायचीय."

पेटीच्या मागचा तो घड्यांचा पंखा, डाव्या हाताने मारायचा, त्याला भाता म्हणतात. तो हवा भरतो तेव्हा उजव्या हाताखालच्या पट्ट्या वाजतात. गळत असेल तर आवाज खाली बसणारच. मला पटलं.

पण बुधवारी सुहासिनीताई आल्या. या कर्वेनगरातल्याच निवृत्त शिक्षिका. साठीनंतर पेटी शिकायला लागल्या आहेत आणि केदारला मास्तर म्हणतात, तेही मार्क कापल्यासारखं. त्या दिवशी केदारने त्यांना स्वतःचीच पेटी दिली आणि आपण समोर बसून टाळी देत राहिला. मी बाहेर भाजी निवडत होते. बाईंचे सूर चुकत होते, ताल चुकत होता, पण आवाज एकदाही खाली बसला नाही.

जाताना मी त्यांना दारात गाठलं. "भाता गळतोय ना हो?"

"कोणाचा?" त्यांनी चपला घालता घालता विचारलं. "पेटी ठणठणीत आहे. मास्तरांचंच लक्ष कुठे असतं कुणास ठाऊक. हल्ली वाजवून दाखवत नाहीत, नुसतं तोंडाने सांगतात. आम्ही शाळेत आजारी शिक्षक असले की असं करायचो."

म्हणजे भाता गळत नव्हता. केदार खोटं बोलत होता, आणि खोटं बोलायची त्याला सवय नाही.

मला वाटलं, हा पेटी सोडतोय. कुठेतरी नोकरी बघितली असेल आणि सांगायचा धीर होत नसेल. म्हणून पेटी न मावणारी गाडी. सगळं एका रेषेत बसलं. तो ऑफिसची नोकरी सोडून आला तेव्हा मी फार रडले होते, हे खरं. पण आता तो पेटी सोडणार या विचाराने मला त्याहून वाईट वाटलं, याचं मलाच आश्चर्य वाटलं.

रविवारी तो शोरूमला निघाला तेव्हा मीही पर्स घेऊन दारात उभी राहिले.

"तू कशाला?"

"मला बघायचंय, मोटारसायकलवर पेटी कुठे ठेवतात."

पर्समध्ये शिलाई मशीनची टेप होती. पेटीची लांबी-रुंदी मी सकाळीच घेतली होती.

शोरूममध्ये सोनाली नावाची मुलगी होती. चुणचुणीत, नखं निळी, बोलण्यात दर दोन शब्दांनी एक इंग्रजी. तिने आम्हाला आधी एक मोठी स्कूटर दाखवली. दिसायला भारदस्त, पुढे मोठी काच, सीट सोफ्यासारखी. पण पाय ठेवायच्या जागेच्या मधोमध उंचवटा होता.

"काकू, याला मस्त स्टॅबिलिटी आहे, आणि डिक्कीत फुल हेल्मेट बसतं."

मी टेप काढली आणि वाकले. सोनाली जरा मागे सरकली. "काकू काय मेजर करतायत?"

"पेटी," केदार म्हणाला.

"कपड्यांची?"

"सुरांची."

ती स्कूटर गेली. उंचवट्यावर पेटी तिरकी बसली असती. केदारच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. पण दुसरी मोठी स्कूटर सपाट पायाची होती. मी टेप लावली, पेटी बसून वर बोटभर जागा उरत होती. मी त्याच्याकडे बघितलं.

"ही बसते."

"सीट उंच आहे."

"तुझे पाय टेकतात. बसून बघ."

तो बसला. पाय पूर्ण टेकले.

"आवाज बरा नाही हिचा," तो म्हणाला. "काळी दोनच्या सुराच्या आसपास घरघरते. दिवसभर ते ऐकून संध्याकाळी पांढरी चारमध्ये साथ कशी करू?"

"सर कॉमेडी आहेत," सोनाली म्हणाली. "एक टेस्ट राईड घ्याच ना."

त्याला नाही म्हणता आलं नाही, कारण मी तिथे उभी होते. तो स्कूटर घेऊन निघाला, सर्व्हिस रोडने वळून दिसेनासा झाला. मी सोनालीबरोबर दारात थांबले. ती मला सांगत होती, की हल्ली ऑफिसवाले ऑटोमॅटिक मोटारसायकलच मागतात, गिअर आपोआप पडतात, ट्रॅफिकमध्ये हाताला त्रास नाही. पण सामान नेणाऱ्यांनी, फॅमिलीवाल्यांनी स्कूटरच घ्यावी. मी म्हटलं, हेच मी महिनाभर सांगतेय.

तो परत आला. शोरूमच्या चढावर बारीक खडी पसरली होती. तो हळूच येत होता, तरी थांबायच्या वेळी पुढचं चाक सर्रकन घसरलं. त्याने दोन्ही पाय खाली टाकले, स्कूटर वेडीवाकडी जाऊन कुंडीला टेकली. कुंडी फुटली नाही, तो पडला नाही.

सोनाली धावत गेली. "सर, फक्त पुढचा नका मारू! डावा ब्रेक दाबा ना, डावा!"

"हो, हो. सवय नाही," तो म्हणाला.

सवय नाही? आयुष्यभर स्कूटर चालवणाऱ्या माणसाला?

मी त्या स्कूटरपाशी गेले. मला गाडी चालवता येत नाही, कधी शिकलेही नाही. मी दोन्ही मुठींवरच्या ब्रेकच्या दांड्या दाबून बघितल्या. डावी चांगली घट्ट होती. मग आत जाऊन त्या ऑटोमॅटिक मोटारसायकलपाशी उभी राहिले. उजव्या मुठीवर दांडी होती. डाव्या मुठीवर दांडीच नव्हती.

"इथे डावीकडे काही नाही का?"

"नाही काकू, हिला क्लचच नाहीये. आणि मागचा ब्रेक उजव्या पायात. डावा हात नुसता ठेवायचा, बस."

डावा हात नुसता ठेवायचा.

मी वळून केदारकडे बघितलं. तो भिंतीवरच्या हेल्मेटांच्या किमती फार लक्ष देऊन वाचत होता.

शेजारी रसवंती होती. मी त्याला तिथे बसवलं आणि म्हटलं, "डावा हात दे."

"आई, इथे नको."

"दे."

त्याने दिला. मी माझी दोन बोटं त्याच्या तळव्यात ठेवली. "दाब."

अंगठा आणि पहिली दोन बोटं मिटली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अर्ध्यातच थांबलं. लहानपणी याच हाताने तो माझं बोट धरायचा तेव्हा सोडवून घ्यावं लागायचं.

"कधीपासून?"

"गणपतीत. आधी मुंग्या यायच्या. मग जोर जायला लागला. भाता धरला की थोड्या वेळाने हात आपोआप उघडतो."

"डॉक्टर?"

"दाखवलंय. कोपरापाशी नस दाबली गेलीये. ऑपरेशन करून मोकळी करावी लागेल म्हणाले. जोर येईल, पण सगळा येईल का ते आत्ता सांगता येत नाही."

"आणि तू गणपतीपासून स्कूटर चालवतोयस? एका ब्रेकवर? कात्रजच्या चौकातून?"

"हळू चालवतो."

"आत्ता बघितलं किती हळू ते."

तो उसाच्या रसाच्या ग्लासाकडे बघत राहिला. रसवाल्याच्या चरकाच्या घुंगरांचा आवाज थांबला तेव्हा म्हणाला, "पेटीवाल्याचा हात गेला असं एकदा पसरलं ना आई, की संपतं. भजनी मंडळ दुसरा बघतं. आधीच्या पेटीवाल्या काकांना लकवा झाला तेव्हा मीच गेलो होतो त्यांच्या जागी. किती दिवसांत गेलो माहितीये? त्याच आठवड्यात. क्लासमध्ये काय, तोंडाने शिकवता येतं काही दिवस. पण फिरायला तर हवं. स्कूटर आता झेपत नाही. म्हटलं ही गाडी घेतली तर कोणाला कळणार नाही. पेटी मावत नाही, म्हणून तिकडचीच वाजवतो, असं सांगता येईल, आणि आवाज तुटला तर दोष तिचा."

मी पेटी मावत नाही म्हणून गाडीवर संशय घेत होते. त्याने ती गाडी त्यासाठीच निवडली होती.

"बाबांना माहीत आहे?"

त्याने मान डोलावली.

"म्हणजे मीच तेवढी राहिले."

"तू जेवली नसतीस."

"आता कुठे जेवणारेय," मी म्हटलं. हसू आलं त्याला. मला नाही आलं.

मी परत शोरूममध्ये गेले. सोनाली मोटारसायकलचं बुकिंग करायच्या तयारीत होती. "काकू, मग फायनल?"

मी बोलायच्या आधी केदारच बोलला. इतके महिने त्याने जे बाहेर कोणाला सांगितलं नव्हतं, ते तिथे, दोन अनोळखी गिऱ्हाइकांच्या देखत सांगितलं. "माझ्या डाव्या हाताला ब्रेक दाबवत नाही. ऑपरेशन आहे. त्यानंतर बघू."

सोनालीचं इंग्रजी थांबलं. "बरं का दादा," ती म्हणाली, "सांभाळून जा. आणि घरी जाताना रिक्षा करा."

आम्ही रिक्षाच केली. दिगंबररावांशी मी त्या दिवशी बोलले नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. ते मात्र चहा करून आणत होते, दूध घालून.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, नस मोकळी झाली, आता वेळ लागेल. मी विचारलं, किती? ते म्हणाले, नस तिच्या वेगाने वाढते. मला हे उत्तर आवडलं नाही. मग मी गाडीचं विचारलं. ते म्हणाले, सध्या कुठलीच नको. पुढे सुरू करायचीच झाली, तर या हातावर ब्रेक नसलेली. म्हणजे केदारने शेवटी जे ठरवलं होतं, ते कारण सोडलं तर बरोबरच होतं. मोटारसायकल अजून शोरूममध्येच आहे. जुनी स्कूटर मी विकायला लावली. जोशी काकांनी पेढे मागितले.

भजनी मंडळाला केदारने स्वतः फोन करून सांगितलं. ते म्हणाले, बरा हो, आम्ही थांबतो. थांबतील का, मला खात्री नाही. शनिवार पेठेच्या गायनवर्गात सध्या दुसरा मुलगा साथीला येतो. तोही चांगला वाजवतो असं केदार म्हणाला, जरा जास्तच मोकळेपणाने. सुहासिनीताई मात्र दर बुधवारी येतात. त्यांना म्हटलं, मास्तरांना वाजवता येत नाही, तर म्हणाल्या, मला तरी कुठे येतं.

काल सकाळी आतून हाक आली. "आई, जरा ये."

पेटी उघडून तो बसला होता. डावा हात गळ्यात अडकवलेल्या पट्ट्यात. मला म्हणाला, "समोर बस. भाता तू मार."

"मला नाही येत."

"ढकलायचा आणि सोडायचा. हळू."

मी त्याच्यासमोर बसले आणि ढकलला. पेटी किंचाळली.

"चूल नाहीये ती, फुंकणी कसली मारतेस! हळू. सूर चालू असताना थांबायचं नाही."

मी हळू मारायला लागले. त्याच्या उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवरून चालायला लागली, आणि आमच्या घरातला तो आवाज इतक्या दिवसांनी सलग आला. कोणता राग ते मी विचारलं नाही. एकेक घडी उघडत होती, मिटत होती, आणि माझा दंड भरून आला. इतकं जड काम हा रोज करत होता, बोलता बोलता.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना."

पट्ट्याच्या बाहेर त्याची करंगळी दिसत होती. ती हलते का, आपणहून हलते की पेटीच्या धक्क्याने हलते, ते मी बघत होते. तेवढ्यात आवाज खाली बसला.

"आई," तो म्हणाला, "भात्याकडे बघ. हाताकडे काय बघतेस?"

मी भाता मारायला लागले. बघत मात्र हाताकडेच होते.